दानासाठी विणताना: लोकर घेण्यापूर्वीपासून गठ्ठा बांधेपर्यंत

दानासाठी विणणाऱ्या बहुतेकांची सुरुवात लोकरीपासून होते. घरात उरलेले गुंडे असतात, हाताला सवय असते आणि आपले विणलेले कुणाच्या तरी अंगाला लागावे अशी मनापासून इच्छा असते. मग जे सुचेल ते विणले जाते आणि तयार झाल्यावर ते कुठे द्यावे याचा शोध सुरू होतो. हा क्रम बदलला तर श्रम वाचतात आणि वस्तू खरोखर वापरली जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आधी वस्तू स्वीकारणारी संस्था, रुग्णालय किंवा निवारागृह निश्चित करावे, तेथे नेमके काय हवे आहे ते विचारावे आणि त्यानंतरच लोकर निवडावी.

विचारताना "काय देऊ?" एवढ्यावर थांबू नये. वापरणारी व्यक्ती कोणत्या वयाची आहे, कोणती मापे कमी पडतात, कोणता धागा चालतो आणि कोणता चालत नाही, कपडे कसे धुतले जातात, किती नग लागतील आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सर्व विचारून लिहून ठेवावे. हिवाळा संपत आल्यावर पोचलेल्या मफलरांना पुढच्या हिवाळ्यापर्यंत जागा शोधावी लागते, आणि अनेक संस्थांकडे तेवढी जागा नसते. गरजेपेक्षा जास्त आलेली वस्तूही ओझे होते. २०१९-२० मध्ये ऑस्ट्रेलियात लागलेल्या वणव्यांनंतर अनाथ झालेल्या प्राण्यांसाठी, विशेषतः कांगारूंच्या पिलांसाठी, शिवलेल्या आणि विणलेल्या पिशव्या जगभरातून इतक्या येऊ लागल्या की काही आठवड्यांतच "आता पाठवू नका" असे आवाहन करावे लागले. शिवाय विणलेल्या पिशवीला आतून सुती कापडाचे अस्तर लागते, कारण पिलांची नखे टाक्यांत अडकतात. ही सूचना न वाचता केलेल्या पिशव्या तशाच वापरता येत नाहीत.

लहान बाळांच्या टोप्या आणि मोजे लवकर होतात, गोड दिसतात आणि थोड्या लोकरीत भागतात, म्हणून ते सगळेच विणतात. वाढत्या वयाची मुले, प्रौढ पुरुष आणि वृद्ध यांच्या मापाच्या साध्या, गडद रंगाच्या टोप्या मात्र फारशा कुणी विणत नाही. विणणाऱ्याला कंटाळवाणा वाटणारा राखाडी रंगच रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला सोयीचा असतो, कारण तो लवकर मळलेला दिसत नाही आणि घालणाऱ्याकडे कुणाचे लक्ष वेधत नाही. संस्थेकडून स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर अशी एक मोठ्या मापाची टोपी विणणे हा सर्वांत सुरक्षित पर्याय आहे.

धाग्याची निवड

धागा निवडताना तो हाताला कसा लागतो यापेक्षा तो धुलाईत कसा टिकतो हे आधी पाहावे. मेंढीची लोकर ऊबदार असते आणि ओलसर झाली तरी ऊब धरून ठेवते, परंतु गरम पाणी आणि घुसळण यांमुळे तिचे तंतू एकमेकांत गुंततात, वस्तू आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. जिथे सर्व कपडे एकत्र यंत्रात धुतले जातात, तिथे अशी टोपी पहिल्याच धुलाईत बाद होईल. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकरही मिळते. ती वापरायची असेल तर वेष्टनावरील धुलाईची चिन्हे नीट वाचावीत. ॲक्रिलिक धागा आटत नाही, लवकर वाळतो आणि लोकरीची ॲलर्जी असलेल्यांनाही सहसा चालतो, म्हणून बहुतेक संस्था तोच मागतात. त्याचे दोन दोष मात्र लक्षात ठेवायला हवेत. हलक्या प्रतीच्या धाग्यावर घर्षणाने गोळे येतात. आणि त्यावर गरम इस्त्री फिरवली तर तंतू सैलावून वस्तू कायमची लोळागोळा होते, ती पुन्हा पूर्ववत होत नाही. शेकोटीजवळ किंवा उघड्या ज्योतीजवळ राहणाऱ्यांसाठी ॲक्रिलिक टाळावे, कारण ते वितळून त्वचेला चिकटते. मेंढीची लोकर त्या मानाने सहजासहजी पेट घेत नाही.

सुती धागा मऊ आणि धुण्यास सोपा असतो, पण त्याला ताण कमी असतो आणि ओला झाल्यावर तो जड होतो. उन्हाळी टोप्या, रुग्णांसाठीच्या टोप्या आणि खेळणी यांसाठी तो योग्य ठरतो. अंगोरा किंवा मोहेरसारखे केसाळ धागे लहान बाळांसाठी वापरू नयेत. सुटलेले तंतू नाका-तोंडात जातात. उरलेले गुंडे वापरण्यास हरकत नाही, मात्र एका वस्तूत एकाच प्रकारचा आणि एकाच जाडीचा धागा असावा. लोकर आणि ॲक्रिलिक यांच्या पट्ट्या एकत्र विणल्या तर धुतल्यावर एक पट्टी आटते, दुसरी तशीच राहते. वेष्टन हरवलेल्या आणि कशाचा आहे हे ठाऊक नसलेल्या धाग्याचा मोह सोडलेला बरा.

माप आणि टाके

दानाची वस्तू घालून पाहायला कुणी समोर नसते, त्यामुळे येथे अंदाजाने विणणे महागात पडते. निवडलेल्या धाग्याचा आणि सुईचा निदान १२ सेंटिमीटरचा चौरस तुकडा विणावा, धुऊन वाळवावा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजावे. सुयांचे क्रमांक देशागणिक बदलतात. ४ मिलिमीटरची सुई ब्रिटिश पद्धतीत ८ क्रमांकाची, तर अमेरिकन पद्धतीत ६ क्रमांकाची असते. म्हणून मिलिमीटरमधील मापावरच विसंबावे. क्रोशाच्या नमुन्यांत हा घोटाळा आणखी वाढतो, कारण मुका खांब (क्रोशाचा आखूड, साधा टाका) अमेरिकन नमुन्यात 'सिंगल' आणि ब्रिटिश नमुन्यात 'डबल' या नावाने येतो. नमुना कुठला आहे हे पाहिल्याशिवाय पहिली साखळीही घालू नये.

प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५६ सेंटिमीटर असतो. टोपी डोक्यावर बसण्यासाठी तिचा घेर त्याहून १० ते १५ टक्क्यांनी कमी, म्हणजे सुमारे ४८ सेंटिमीटर ठेवतात. मध्यम जाडीच्या धाग्याने ४ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके येत असतील, तर ४८ सेंटिमीटरसाठी सुमारे १०६ टाके लागतात. दोन सुयांवर विणून मागे शिवण घालायची असल्यास हीच संख्या सोयीची पडते: शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका जातो आणि उरलेल्या १०४ टाक्यांना चारने आणि आठनेही भाग जातो.

टाके सैल घालावेत. हात घट्ट असेल तर त्या वेळेपुरती एक माप मोठी सुई घ्यावी, कारण कपाळावर रुतणारी टोपी कुणी घालत नाही. प्रथम दोन सुलट, दोन उलट असे ५ सेंटिमीटर विणावे. ओळीच्या दोन्ही टोकांना दोन सुलट येतात, त्यामुळे शिवल्यावर पट्टीचा क्रम बिघडत नाही. पुढे सुलट बाजूने सर्व सुलट आणि उलट बाजूने सर्व उलट विणत एकूण उंची १५ सेंटिमीटर करावी. मग माथ्याचे टाके घटवायला घ्यावेत. सुलट बाजूच्या ओळीत कडेचा एक टाका विणून, ११ सुलट आणि दोघांचा एक (दोन टाके एकत्र सुलट विणून एक) असे आठ वेळा करावे आणि शेवटचा टाका विणावा. परतीची ओळ साधी उलट. पुढच्या प्रत्येक घटीच्या ओळीत मधले सुलट टाके एकेकाने कमी होत जातात. अशा सहा घटी एकाआड एक ओळीत आणि पुढच्या सहा प्रत्येक ओळीत केल्या (उलट बाजूने येणाऱ्या घटीत दोन टाके एकत्र उलट विणावेत) की १० टाके उरतात. त्यांतून धागा ओवून घट्ट आवळावा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घालावी. उंची २१ सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि कान झाकले जातात.

क्रोशाची टोपी माथ्यापासून खाली येते. पहिल्या फेरीत १२ खांब (मुक्या खांबाहून उंच टाके) घालून पुढच्या प्रत्येक फेरीत १२ खांब वाढवत गेले की सपाट वर्तुळ तयार होते. मुक्या खांबांत हीच वाढ सहाची असते. वाढ कधी थांबवायची हे टोपीच्या घेराला ३.१४ ने भागून कळते. ४८ सेंटिमीटर घेरासाठी वर्तुळाचा व्यास सुमारे १५ सेंटिमीटर झाला की वाढ बंद करावी आणि सरळ फेऱ्या घालत खाली यावे. क्रोशाला सुयांवरील विणकामापेक्षा लोकर जास्त लागते आणि त्याचे कापड कमी ताणले जाते, याचा हिशेब आधीच करून ठेवावा.

बाळे आणि रुग्ण

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो; अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी मापे इतकी वेगवेगळी असतात की रुग्णालयाने दिलेली मापे घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. बाळाच्या कोणत्याही वस्तूला गुंड्या, मणी, रिबिनी, बांधायचे लांब बंद किंवा सुटू शकणारे लोकरीचे गोंडे लावू नयेत. गुंडी घशात अडकते आणि बंद गळ्याभोवती गुंडाळला जातो. दुपट्यासाठी जाळीची वीण कितीही सुंदर दिसली तरी तिच्या छिद्रांत बाळाची बोटे अडकतात. दाट वीण किंवा सर्व ओळी सुलट विणलेले कापड त्यापेक्षा चांगले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत आणि घरात झोपताना टोपी घालू नये असा सल्ला देते, त्यामुळे दुपट्यासोबत "बाळाला जागेपणी पांघरण्यासाठी" असे लिहिलेली चिठ्ठी जोडणे योग्य.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस करण्याचा उपक्रम २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाला आणि अनेक देशांत पसरला. बाळ नळ्या ओढण्याऐवजी ऑक्टोपसचे पाय धरते, अशी त्यामागची कल्पना आहे. त्याचे नियम कडक आहेत: धागा शंभर टक्के सुती, ६० अंश सेल्सिअसला धुता येणारा, वीण इतकी दाट की आतले भरण दिसू नये, आणि ताणल्यावरही प्रत्येक पाय २२ सेंटिमीटरपेक्षा लांब भरू नये. सर्व रुग्णालये ही खेळणी स्वीकारत नाहीत. मागणी आल्याशिवाय ती करू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

केमोथेरपीमुळे केस गेलेल्यांची टाळू नाजूक झालेली असते. त्यांच्या टोपीत आतल्या बाजूला गाठ, जाड शिवण किंवा खरखरीत धागा असू नये. शक्य असल्यास टोपी गोल सुईवर बिनशिवणीची विणावी. केस नसल्याने टोपी सहज घसरते, म्हणून घेर थोडा कमी आणि उंची मानेपर्यंत पोचेल इतकी ठेवावी. या टोपीसाठी निवडलेला धागा आधी गालावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहावा. तिथे टोचला तर तो नको.

गटाने पांघरूण करताना

अनेकांनी मिळून पांघरूण करायचे असेल तर २० सेंटिमीटरचे चौकोन सोयीचे असतात; पाच गुणिले सात, असे ३५ चौकोन जोडले की १०० बाय १४० सेंटिमीटरचे पांघरूण होते. अडचण अशी की ठरवून दिलेले टाके घातले तरी प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असल्याने चौकोन लहानमोठे होतात. यावर कर्णरेषेत विणणे हा उत्तम उपाय आहे. एका टाक्यापासून सुरुवात करून सर्व ओळी सुलट विणाव्यात आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका वाढवावा; कडेची तिरपी बाजू २० सेंटिमीटर झाली की प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका घटवत यावे. टाके मोजावेच लागत नाहीत, फक्त मोजपट्टी हाताशी ठेवावी. जोडण्यासाठी प्रत्येक चौकोनाला लांब धागा सोडण्यास सर्वांना आधीच सांगावे.

शेवटचा हात

धाग्याची टोके लपवण्यात कंटाळा केला तर सुंदर विणलेली वस्तूही दोन धुलायांत उसवते. प्रत्येक टोक निदान १५ सेंटिमीटर लांब ठेवावे आणि बोथट सुईने टाक्यांच्या मागून एका दिशेने, मग उलट आणि पुन्हा तिसऱ्या दिशेने ओवावे. गाठ मारून कापलेले टोक सुटते आणि त्वचेला टोचते. नंतर वस्तू बिनवासाच्या साबणाने धुवावी आणि सपाट पसरून वाळवावी. घरात धूम्रपान होत असेल किंवा पाळीव प्राणी असतील तर काम झाकणाच्या पेटीत ठेवावे आणि तसे संस्थेला कळवावे. काही रुग्णालये अशा घरातील वस्तू घेत नाहीत.

मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्या करून प्रत्येकीवर वय किंवा घेर, नगसंख्या, धाग्याचा प्रकार आणि धुण्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी लावावी. चिठ्ठी टाचणीने अडकवू नये, दोऱ्याने बांधावी. मोठ्या माणसांच्या स्वेटरसोबत त्याच लोकरीचा दोनतीन मीटर धागाही ठेवावा, म्हणजे कोपर विरले तर रफू करता येते. गठ्ठा सुपूर्द करताना कोणती मापे लवकर संपतात आणि कोणती पडून राहतात हे विचारून घ्यावे, आणि पुढची लोकर त्या उत्तरावरून ठरवावी.