पीएच.डी. करताय? मग निदान या चुका टाळा

कोर्सवर्कच्या वर्गात रसायनशास्त्र, गणित, विधी, शिक्षणशास्त्र असे सगळे विद्यार्थी एकत्र बसतात. विषय वेगळे, चुका मात्र त्याच. प्रत्येक बॅचला त्या सांगतो आणि पुढच्या वर्षीच्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) त्या पुन्हा समोर येतात. नमुना असो, निवाडा असो की पेपर, मूळ गोष्ट स्वतः न पाहता तिच्यावर पानंच्या पानं लिहायची, हे त्यांतल्या बहुतेक चुकांचं कारण आहे.

नमुना घेतल्याची वेळ न लिहिणं

नागपुरात अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, गांधीसागर असे तलाव हाताशी आहेत, त्यामुळे पाण्यावरचे प्रबंधही बरेच होतात. एका विद्यार्थ्याने फुटाळ्यावर चार ठिकाणं ठरवली. सकाळी सातला पहिल्या ठिकाणी बाटल्या भरायचा आणि चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत दुपारचा एक वाजायचा. वर्षभर, दर महिन्याला, हाच क्रम. विरघळलेला ऑक्सिजन पहिल्या ठिकाणी लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आसपास आणि चौथ्या ठिकाणी अकरापर्यंत. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की पहिलं ठिकाण प्रदूषित आणि चौथं स्वच्छ. पहिल्या ठिकाणाजवळच्या वस्तीचं सांडपाणी हे त्याचं कारण, असंही दोन पानं लिहिलं.

सादरीकरणात मी त्याची वही मागितली. तारखा होत्या, वेळ कुठेच नव्हती. तीस अंशांच्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन विरघळून विरघळून साधारण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत जातो. अकरा आले म्हणजे ते शेवाळाचं काम. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री मात्र शेवाळ, मासे, जिवाणू सगळेच तो वापरतात, म्हणून पहाटे आकडा तळाला जातो आणि दुपारी वर चढतो. पोराने वर्षभर मोजली ती सकाळ आणि दुपार. जागांमधला फरक त्यात किती होता, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नव्हतं. पुढच्या फेरीला उलट्या क्रमाने जा म्हटलं, तर पहाटेच निघावं लागणार म्हणून आधी कुरकुर झाली. "सर, इतक्या सकाळी तिथं कोन जाते?" शेवटी गेला. चौथं ठिकाण सकाळी घेतलं आणि आकडे उलटे झाले. अख्खं प्रकरण बाद झालं. मुलगा मेहनती होता, म्हणून मला ते अजून सलतं. त्याच्या कष्टांत कसूर नव्हती, वहीत एक रकाना कमी होता.

माझ्याकडे आता शिस्त ठरलेली आहे. आधी वेळ, मग पाण्याचं तापमान, मग आकडा. लिहायचं पेन्सिलीनेच, कारण ओल्या हाताने शाई पसरते. क्रम दर फेरीला बदलायचा. ऑक्सिजन रसायनं घालून मोजायची विंकलर पद्धत असेल तर मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड-अझाइड काठावरच घालायचं आणि बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत स्कूटीच्या डिकीतून लॅबपर्यंत नेलेल्या बाटलीत तलावाचा ऑक्सिजन उरलेला नसतो. "लॅबमध्ये जाऊन करतो" म्हणणाऱ्याला मी परत पाठवतो.

याच घराण्यातली आणखी एक चूक बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्या मापाची. आपल्याकडच्या भारतीय मानकात बीओडी २७ अंशांवर ३ दिवस ठेवून काढतात. परदेशी पेपरांत बहुतेक वेळा २० अंश आणि ५ दिवस असतात. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडायचे असतील, तर प्रत्येकापुढे पद्धत लिहा.

निवाडा न वाचता उद्धृत करणं

मी विज्ञानाचा माणूस, पण विधीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा ऐकायला बसलेलो आहे. पोलिसांच्या पाळतीवरच्या एका प्रबंधात खडकसिंग खटल्यातलं, म्हणजे १९६२ च्या निवाड्यातलं, खासगीपणाच्या बाजूचं एक सुंदर वाक्य होतं. त्याआधी लिहिलेलं, 'सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की'. बहिःस्थ परीक्षकांनी विचारलं, "हे कोणत्या न्यायमूर्तींचं आहे?" उत्तर आलं नाही. ते वाक्य न्या. सुब्बा राव यांच्या अल्पमतातलं होतं. सहा न्यायाधीशांपैकी बहुमताने पोलिसांनी रात्री घरी जाऊन पाहणी करण्याचा नियम रद्द केला, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही म्हटलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निवाड्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताचं ते म्हणणं मोडीत काढलं. म्हणजे प्रबंधाचा सगळा युक्तिवाद ज्या प्रवासावर उभा राहायला हवा होता, तोच विद्यार्थिनीला माहीत नव्हता. तिने वाक्य कुणाच्या तरी लेखातून उचललं होतं आणि त्या लेखकाने आणखी कुणाच्या तरी.

विधी शिकवणाऱ्या आमच्या एका मॅडमची सवय मला फार पटते. निवाडा उघडला की त्या पहिल्या पानावर न्यायाधीशांची नावं लिहितात आणि प्रत्येकापुढे बहुमत की अल्पमत याची खूण करतात. हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या सुरुवातीला छापलेला सारांश, त्या सगळ्यात शेवटी वाचतात, कारण हेडनोट हा निवाड्याचा भाग नसतो. मग पुढच्या काळात त्या निवाड्याचं काय झालं ते शोधतात. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन संग्रहात फुकट आहेत, त्यामुळे ग्रंथालय बंद होतं ही सबब चालत नाही.

कलमांचंही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवणुकीचं जुनं ४२० आता ३१८ मध्ये आहे. पण गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनी दंड संहिताच लागते. सरसकट 'शोधा आणि बदला' करू नका.

गणितात उदाहरणांवर विसंबणं

संगणकाने लाखभर संख्या तपासल्या म्हणजे सिद्धता झाली नाही. गणितज्ञ पोल्याचं, संख्यांच्या मूळ अवयवांची संख्या सम की विषम याबद्दलचं अनुमान १९१९ चं. ते पहिल्यांदा चुकतं ९०,६१,५०,२५७ या संख्येपाशी. तुमचा लॅपटॉप त्याच्या फार आधी थांबला असता.

आपल्याच ग्रुपवर प्रश्नावली टाकणं

शिक्षणशास्त्रात हे रोजचं झालं आहे. गूगल फॉर्म मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवायचा आणि शीर्षक द्यायचं 'विदर्भातील शिक्षकांचा दृष्टिकोन'. ज्यांनी भरला त्यांचाच तो दृष्टिकोन. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतले शिक्षक त्यात नसतील तर शीर्षकातून विदर्भ काढा.

साम्याचा टक्का खाली आणण्याची धडपड

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, त्यावर नोंदणीच रद्द. लोक यातला फक्त 'दहा' हा आकडा लक्षात ठेवतात आणि शब्द बदलून देणारं सॉफ्टवेअर चालवतात. दुसऱ्याची कल्पना नावाशिवाय घेतली तर टक्का शून्य आला तरी ती चोरीच आहे. माझी पद्धत साधी आहे. पेपर वाचायचा, बाजूला ठेवायचा आणि आपल्या शब्दांत मराठीत टिपण काढायचं. प्रबंध लिहिताना ते टिपण समोर ठेवायचं, पेपर नाही. वेळ जास्त लागतो. लागू द्या.

'सात दिवसांत प्रकाशन'

असा मेसेज आला की डिलीट करा. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. तुमच्या विद्यापीठाची अट वेगळी असू शकते, ती परिपत्रकात स्वतः वाचा, सिनियरला विचारून भागवू नका. जर्नलच्या संपादक मंडळातल्या दोघांना मेल करून ते खरंच तिथे आहेत का, हेही विचारा.

न उघडलेले संदर्भ

चॅटबॉटला संदर्भ मागितले की तो कधीकधी अस्तित्वातच नसलेले पेपर देतो, लेखकांची नावं आणि पान क्रमांकांसकट. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी असे रचलेले निवाडे दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. आपल्याकडच्या संदर्भसूच्यांतही मला असे पेपर दिसू लागले आहेत. प्रत्येक नोंदीचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून पाहा, पेपर मागे घेतला गेलाय का तेही तपासा. ज्याची प्रत तुमच्या फोल्डरमध्ये नाही, ती नोंद सूचीतून काढून टाका.