केस गळतायत म्हणून औषधं, गोळ्या, सिरम घेताय? या चुका टाळा

इंदूरला लोकमान्य नगरच्या बाजूला आमचं मेडिकल आहे, आणि भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांपासून ते भिशीतल्या काकूंपर्यंत सगळे एकच विचारतात, केस गळतायत, काय लावू? मी म्हणते, आधी का गळतायत ते बघू. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, लोकांना बाटली हवी असते आणि ती सुद्धा आजच. त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

उपचारांचा उपयोग होतो का? होतो, पण मोजक्याच औषधांचा, आणि गळतीच्या ठराविक प्रकारातच. आनुवंशिक विरळपणा असेल, म्हणजे पुरुषांचे कपाळाचे कोपरे मागे सरकतात, माथा उघडा पडतो किंवा बायकांचा भांग रुंद होत जातो, तर डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठी फिनास्टराइडची गोळी या दोघांच्या मागे भक्कम पुरावा आहे. गमीज, कॅप्सूल, कांद्याचं तेल यांच्या मागे तेवढा नाही. शरीरात खरंच कमतरता असेल तर ती भरून काढल्यावर फरक पडतो, नसेल तर जास्तीचं घेऊन जास्तीचे केस येत नाहीत.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे मागच्या तीन महिन्यांचा विचारच न करणं. पावसाळ्यात डेंगू, टायफॉइड होऊन जातो आणि दिवाळीच्या आसपास माणूस घाबरून दुकानात येतो की कंगवा फिरवला की हातात गुंता येतो. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून झटपट वजन उतरवणं, यातलं काही झालं की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. बहुतेकांचं हे सहा महिन्यांत आपोआप थांबतं. पण तेवढ्यात माणसाने तेल, सिरम, गोळ्या असं सगळं घेतलेलं असतं, केस त्यांच्या वेळेने परत येतात आणि श्रेय मिळतं तेलाला. मग एखादी बाई ते तेल दहा जणींना सांगते, त्या दहाजणींत एखादी अशी असते जिचा थायरॉइड बिघडलेला असतो आणि ती वर्षभर तेल चोपडत बसते. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे हेही लक्षात ठेवा, डोक्यावर साधारण एक लाख असतात.

गळती थांबतच नसेल तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठ्यातलं लोह), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), व्हिटॅमिन बी12 आणि डी तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून फेरिटिन सोडू नका, साठ्यातलं लोह आधी संपतं आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका हो! आपल्याकडे सकाळी पोहे, चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी, मग तीन महिन्यांनी रिपोर्ट जिथल्या तिथे. चहा लोह शोषू देत नाही. मी सगळ्यांना लिंबूपाण्यासोबत घ्यायला सांगते, चहाला तासभर लांब ठेवायला सांगते, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती दुसऱ्या वेळेला.

आता मिनॉक्सिडिल. हे मुळात ब्लड प्रेशरचं औषध, पेशंटच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा डोक्यावर लावून बघायची कल्पना आली, आणि अमेरिकेत 1988 साली पुरुषांच्या टकलासाठी त्याला मंजुरी मिळाली. लावायला सुरुवात केली की पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचे केस उलट जास्त गळतात. जुने, थकलेले केस पडून त्याच मुळांतून नवीन वाढायला सुरुवात होते म्हणून. हे मी प्रत्येकाला बाटली देतानाच सांगते आणि तरीही महिन्याभराने माणूस समोर उभा.

पीएससीची तयारी करणारा एक मुलगा होता, सागर जिल्ह्यातला, स्वभावाने फार गोड. पहिल्या महिन्यात आला, "आंटी, ये तो और झड़ रहे हैं." मी समजावलं, थांब, चार महिने तरी लाव. त्याने बंद केलं. मग रूममेटने ऑनलाइन दुसरं सिरम दाखवलं, ते लावलं. मग घरून आईने तेल पाठवलं, ते लावलं. मग परत मिनॉक्सिडिल, परत गळती, परत बंद, आणि मग कोणाच्या तरी व्हिडिओवरून डर्मा रोलर, म्हणजे बारीक सुयांचा रोलर, आणून रक्त येईपर्यंत फिरवला आणि त्याच ओल्या जखमांवर मिनॉक्सिडिल ओतलं. संध्याकाळी छातीत धडधड आणि चक्कर, पोरगा भिंतीला धरून दुकानात आला. कातडी फाडून लावलं तर औषध रक्तात जास्त जातं, आणि ते बीपीचं औषध आहे हे मी वर सांगितलंच. त्याला बसवलं, बीपी मोजलं आणि रिक्षात घालून डॉक्टरांकडे पाठवलं. सुदैवाने काही झालं नाही. पण एवढ्या धडपडीत त्याचं जवळजवळ वर्ष गेलं आणि एकही गोष्ट नीट चार महिने लागली नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यावर काय चालतं हे त्यालाही कळलं नाही आणि डॉक्टरांनाही. तीच पहिली बाटली तो निमूट लावत राहिला असता तर त्याच वर्षात उत्तर मिळालं असतं. मला त्या मुलाचा राग नाही येत, पंचविशीत आरशात टक्कल दिसायला लागलं की माणूस काय काय करतो ते मी रोज बघते, पण घाई करून केस एक मिलिमीटरही जास्त वाढत नाही. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर, बस.

म्हणून सांगते, सुरू करायचं तर वर्षभराच्या तयारीने करा. पुरुषांसाठी 5 टक्क्यांचं द्रावण 1 मिली सकाळी आणि 1 मिली रात्री, म्हणजे 60 मिलीची बाटली महिनाभर जाते, तो खर्च दर महिन्याला झेपणार आहे का ते आधीच बघा, कारण बंद केलं की मिळालेला फायदा काही महिन्यांत निघून जातो. बायकांचा डोस वेगळा, तो डॉक्टरांकडून घ्या, आणि गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नाहीच. कोरड्या डोक्यावर, थेट कातडीला लावा, केसांना नाही. लावून लगेच झोपू नका, उशीला लागतं आणि उशीवरून गालाला, मग गालावर लव वाढली म्हणून तक्रार. घरात मांजर असेल तर फारच जपा, थोडंसं चाटलं तरी तिच्या जिवावर बेततं. आणि दर महिन्याला त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून फोटो काढा, रोजच्या आरशात फरक कळत नाही.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे बायोटिन. मोठ्या माणसाला दिवसाला 30-40 मायक्रोग्रॅम लागतं, अंडं, दाणे, डाळी खाणाऱ्याला ते मिळूनच जातं. बाजारातल्या गोळीत 10,000 मायक्रोग्रॅम! लोक म्हणतात जास्तीचं लघवीतून जातं, नुकसान काय? ओळखीच्या एक शिक्षिका थायरॉइडचं प्रिस्क्रिप्शन घेऊन आल्या. टीएसएच एकदम खाली, टी4 वर, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतोय असं रिपोर्टवर दिसत होतं, म्हणून तो दाबायची गोळी लिहिलेली. बाईंचं वजन उतरलेलं नाही, धडधड नाही, घाम नाही, हात थरथरत नाहीत. मी विचारलं, ताई, केसांसाठी काही घेताय का? पर्समधून डबा निघाला, बायोटिन. तपासणीच्या दिवशी सकाळीसुद्धा घेतलेली. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले गोळी आत्ता देऊ नका, बायोटिन बंद करून काही दिवसांनी परत तपासा. परतचा रिपोर्ट अगदी नॉर्मल. बऱ्याच लॅबच्या किटमध्ये बायोटिनचाच वापर असतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की आकडे खोटे येतात. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने 2017 मध्ये याचा इशारा दिला होता, आणि त्यात हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्टही आहे, ती खोटी कमी येऊ शकते. म्हणून रक्त द्यायला जाल तेव्हा लॅबमध्ये आणि डॉक्टरांना बायोटिनचं सांगा, किती दिवस आधी बंद करायचं ते विचारा.

जास्तीचं व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम तर उलट केस गाळतं. 2024 च्या शेवटी बुलढाण्यात शेगावकडच्या गावांत लोकांची डोकी काही दिवसांत साफ झाली होती, तिथे डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपास केला तेव्हा लोकांच्या शरीरात सेलेनियम खूप वाढलेलं निघालं. आणि हेच सेलेनियम कित्येक 'हेअर' मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर असतं, म्हणून दोन-दोन डबे एकत्र घेऊ नका.

कोंड्यावर तेल थापू नका, त्या बुरशीला तेच हवं असतं. किटोकोनॅझोलचा शॅम्पू लावून तीन-पाच मिनिटं थांबा, लावला की लगेच धुतला तर पैसे नालीत.

बोरिंगच्या पाण्याला दोष देऊन हॉस्टेल बदलू नका. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण कपाळाचे कोपरे बोरिंगमुळे मागे जात नाहीत, नर्मदेच्या पाण्याच्या नळाखाली न्हाणाऱ्यांचेही जातात.

"टक्कल बरं करतो" अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. आपल्या औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये टकलाचं नाव आहे, म्हणजे कुठल्याच औषधाला हा दावा करायची परवानगी नाही.

फिनास्टराइड माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, कितीही ओळख काढा. काम करतं, पण काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, मन उदास राहणं असे त्रास होतात, तेव्हा डॉक्टरांशी लाजू नका. याच औषधाची प्रोस्टेटसाठीची 5 मिलिग्रॅमची गोळी स्वस्त पडते म्हणून घरी तुकडे करणारेही आहेत, त्या घरात बायको गरोदर असेल तर तिने तो चुरा हाताळायचा नाही, पोटातल्या मुलग्याच्या वाढीत दोष येऊ शकतो. वडिलांच्या वयाचे लोक घेत असतील तर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) तपासताना सांगा, ते या गोळीने निम्म्यावर येतं.

आणि गोल चाई पडली, डोक्यावर लाली, पू, खपल्या किंवा चकचकीत डाग दिसले तर दुकानात येऊच नका. कांदा-लसूण घासत बसू नका. सरकारी एम.वाय. हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीची पर्ची काढा नाहीतर जवळचा त्वचेचा डॉक्टर गाठा, आणि आतापर्यंत जे जे लावलं आणि खाल्लं त्या सगळ्या बाटल्या-डबे पिशवीत घालून सोबत न्या, रिकामे असले तरी.