घरी बीपी कसं मोजायचं आणि आकडा कुठे चुकतो

बीपीच्या यंत्रावर तीन आकडे उमटतात: वरचा, खालचा आणि नाडीचा. बऱ्याच घरांत वरचाच तेवढा वाचतात आणि त्यावरून आजची गोळी घ्यायची की नाही ते ठरवतात. गोळीचा निर्णय डॉक्टरांचा, तो रोज सकाळी यंत्राला विचारायचा नसतो. पण आकडा नेमका कशाचा हे कळलं, तर मोजतानाच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

हृदय मुठीएवढं, मोठ्या माणसात साधारण ३०० ग्रॅमचं. ते म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. उजवा पंप अंगभर फिरून आलेलं रक्त फुप्फुसांत ढकलतो, डावा पंप तिथून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त सगळ्या शरीराला पुरवतो. फुप्फुसांच्या वाहिन्या आखूड आणि सैल, त्यामुळे उजवीकडे वरचा दाब २५ च्या आसपास असला तरी भागतं. डावीकडे तोच १२० लागतो, म्हणून डाव्या निलयाची (रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याची) भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते. निलयात शिरताना एक आणि बाहेर पडताना एक अशा झडपा असतात. विहिरीच्या मोटरला एनआरव्ही बसवतात ना, तेच काम: पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. एका ठोक्याला सुमारे ७० मिली रक्त बाहेर पडतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर झालं ५ लिटर, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त.

डावा निलय आवळला की रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीत, दाब चढतो, तो वरचा आकडा. मग हृदय सैल पडतं, पण दाब शून्यावर येत नाही. मोठी रोहिणी रबरासारखी ताणलेली असते, ती परत आकसत रक्त पुढे रेटत राहते, आणि पुढच्या बारीक वाहिन्या ते एकदम निसटू देत नाहीत. दोन ठोक्यांच्या मधला हा उरलेला दाब म्हणजे खालचा आकडा. वय वाढलं की रोहिणी कडक होते, तिची लवचिकता जाते, आणि मग १६०/७० असे आकडे दिसू लागतात. "खालचं तर चांगलं आहे की" म्हणून त्यावर निर्धास्त राहू नये.

यंत्र काय करतं? पट्टा फुगवून दंडातली रोहिणी दाबून बंद करतं आणि हवा हळूहळू सोडतं. वाहिनी उघडू लागली की रक्त धक्क्याधक्क्याने शिरतं आणि ते धक्के पट्ट्यातल्या हवेत उमटतात. धक्का सगळ्यात मोठा जिथे, तो सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा यंत्र त्यावरून हिशेबाने काढतं. म्हणून मोजताना हात हलला, बोटं वळवळली की हिशेब बिघडतो. नाडीच अनियमित असेल तरी बिघडतो. तसं असलं तर तीनदा मोजा आणि डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्या.

आता तयारी. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर शिंप्याच्या टेपने घेर मोजा; नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरला चालतो, त्यापुढे मोठा घ्या. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा चढतो, आणि ही चूक फार घरांत होते. मनगटाचं यंत्र नको. चहा, तंबाखू, बिडी आणि कष्टाचं काम यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्या. शेतातून आल्या आल्या मोजलं तर तो आकडा चालण्याचा असतो. लघवीला जाऊन या, कारण भरलेल्या मूत्राशयानेही दाब वाढतो.

बाजेवर पाय लोंबकळत बसून मोजू नका. पाठीला टेकण असलेली खुर्ची घ्या, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प बसा. मोबाइल नाही, टीव्हीवरच्या बातम्याही नाहीत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खोबणीपासून दोन बोटं वर. बाही गुंडाळून वर सरकवली आणि ती दंडाला आवळत असेल तर तो हात बाहीतून काढाच. हाताखाली उशी ठेवून दंड छातीच्या मध्याच्या उंचीला आणा. यामागे साधं पाण्याच्या टाकीचं गणित आहे: हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल तर आकडा सुमारे ८ ने जास्त येतो, वर असेल तर तेवढाच कमी. मोजणं चालू असताना बोलायचं नाही. घरातलं कोणीतरी नेमकं तेव्हाच "किती आलं?" विचारतं, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि जास्त येणारा हात कायमचा धरा. दोन हातांत वरच्या आकड्याचा फरक सारखा १५ पेक्षा जास्त येत असेल तर डॉक्टरांना सांगा. पुढे सलग सात दिवस सकाळी, गोळी आणि चहाच्या आधी, आणि संध्याकाळी. प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. आवडला नाही म्हणून आकडा गाळू नका, सगळे वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची आहे, कारण डॉक्टरांसमोर अनेकांचं आपसूक थोडं चढतं. वर्षातून एकदा आपलं यंत्र दवाखान्यात नेऊन तिथल्याशी ताडून बघा.

खाण्यात आपल्याकडे घोळ होतो तो ताटाच्या डाव्या बाजूला. दिवसाचं मीठ एकूण ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा; भाजी-वरणात ते जवळजवळ संपतं. वर ठेचा, लोणचं, पापड, तळलेली सांडगी मिरची आली की हिशेब दुप्पट. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि दाब चढतो.

१८०/१२० च्या वर आकडा आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं यांपैकी काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. त्रास काही नाही पण आकडा तसाच आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. दुप्पट गोळ्या किंवा शेजाऱ्याची गोळी देऊन दाब झटक्यात उतरवायला जाऊ नका. तो एकदम कोसळला तर मेंदूला रक्त कमी पडतं.

परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा उलटा प्रश्न येतो. उष्णता बाहेर टाकायला कातडीच्या वाहिन्या रुंद होतात, घामाने पाणी जातं, आणि दाब खाली येतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखी. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. आधाराला कोणीतरी जवळ हवं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस बदलावा लागू शकतो. गोळी मनाने बंद करू नका, आणि बीपी उतरलं म्हणून मिठाचं पाणीही मनाने सुरू करू नका.