आईंची रात्र सुधारायला मी दिवसापासून सुरुवात केली

माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते, 79 वर्षांच्या. आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या म्हार्दोळला. दोन वर्षांपूर्वी गणेश चवथीच्या आधी त्यांची रात्र बिघडली. दीड-दोनला उठायच्या, मागल्या दाराची कडी काढायच्या आणि विझलेल्या चुलीपाशी जाऊन बसायच्या. विचारलं की एकच उत्तर, "बाय, म्हाका न्हीद पडूंक ना," म्हणजे मला झोपच लागली नाही. दिवसा मात्र बसल्या जागी डुलक्या. मग विसरणं सुरू झालं. आमटीत दोनदा मीठ पडायचं, गोळ्या घेतल्या की नाही ते आठवायचं नाही. घरात सगळे म्हणाले, वय झालं. ज्या घरात आज असं चाललंय त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. कृपा करून "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

वयाने झोप हलकी होते हे खरं. गाढ झोपेचा भाग कमी होतो, शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणून संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. रात्री एक-दोनदा उठणं हा आजार नव्हे. पण झोपेची गरज फारशी घटत नाही, पासष्टीनंतरही सात-आठ तास लागतात. झोप तुटली की लक्ष आणि आठवण दोन्ही विस्कटतात. उलट मेंदूचा आजार सुरू होताना झोपही बिघडते. आधी काय झालं ते घरात बसून ठरत नाही. मात्र झोपेची बाजू बरीचशी आपल्या हातात असते. ती आधी नीट करून पाहायची आणि तरीही उरलेलं विसरणं डॉक्टरांपुढे ठेवायचं.

पहिलं काम म्हणजे दोन आठवडे लिहून ठेवणं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनातच लिहायचे: अंथरुणाला पाठ कधी टेकली, अंदाजे झोप कधी लागली, किती वेळा उठल्या, सकाळी कधी उठल्या, दुपारी किती झोपल्या, शेवटचा चहा कधी, कुठली गोळी कधी. हे सगळं सकाळी, अंदाजाने. रात्री त्यांना घड्याळ बघू देऊ नका, ते बघून घालमेल वाढते. त्यांच्या खोलीतलं टोले देणारं घड्याळ मी ओसरीवर हलवलं.

दोन आठवड्यांनी जे दिसलं त्याने मी चकित झाले. आई रात्री साडेआठला आडव्या व्हायच्या आणि सहाला उठायच्या, म्हणजे साडेनऊ तास अंथरुणात. त्यात झोप जेमतेम साडेपाच तास. दुपारी दोन ते साडेचार वेगळी झोप. चहा चार वेळा, शेवटचा सहाला. आणि "पाण्याची गोळी", म्हणजे लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी, रात्रीच्या जेवणानंतर.

तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाण्याची गोळी सकाळी घ्यायला सांगितली. अशा गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका, पण विचारा नक्की. पाय सुजत असतील तर दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर वर चढतं आणि रात्री लघवीला उठवतं, म्हणून दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून बसायचं. एवढ्यानेच आईंच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या.

मग अंथरुणाचे तास कमी करायचे. हे ऐकून नणंद माझ्यावर रागावली होती. झोप येत नाही त्या माणसाला उशिरा झोपवायचं? पण नियम असाच आहे. खरी झोप जेवढी, त्यात अर्धा तास मिळवायचा आणि तेवढाच वेळ अंथरुणात, सहा तासांपेक्षा मात्र कमी नाही. उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. डोळे मिटायला लागले तरच आडवं व्हायचं. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, मंद दिव्यात जप करायचा आणि पेंग आली की परत यायचं. आम्ही पहाटे साडेपाचला उठणं पक्कं केलं. झोपायची वेळ आधी दहावर नेली, मग अकरावर, शेवटी साडेअकरावर. पहिला आठवडा वाईट गेला, त्या चिडल्या, मीही रडले. तिसऱ्या आठवड्यात त्या सलग पाच तास झोपल्या. पुढे झोप टिकते असं दिसल्यावर पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत गेलो. ज्यांना फिट्स येतात, ज्यांचा तोल जातो किंवा ज्यांना मनाचा तीव्र आजार आहे त्यांच्यावर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

हे कुठल्या परदेशातलं फॅड नव्हे. आपल्या गोव्यातच 60 वर्षांवरच्या 181 जणांबरोबर एक अभ्यास झाला, 2019 साली प्रसिद्ध झाला. साध्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी लोकांना अडचणी सोडवायला आणि झोपेच्या सवयी बदलायला शिकवलं. वर्षभरात नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे 14 टक्के लोकांना नैराश्य आलं, यांच्यात सुमारे 4 टक्के. उदास मन आणि तुटकी झोप या वयात बरोबर येतात, आणि दोन्ही मिळून विसराळूपणाचं सोंग घेतात.

दुपारची झोप मोडणं सर्वांत कठीण. नुसतं "झोपू नका" म्हणून चालत नाही, त्या वेळेत काहीतरी हातात द्यावं लागतं. आमच्या परसात जायांचा, म्हणजे जाईचा, मांडव आहे. आई पूर्वी फात्या, म्हणजे दोऱ्यात गुंफलेले गजरे, करायच्या, गुडघ्यांमुळे सोडलं होतं. मी तीनच्या सुमाराला कळ्या काढून ताटलीत आणायला लागले. कळ्या अजून मिटलेल्या, टोकाला किंचित लालसर. पहिल्या दिवशी त्यांनी तीन कळ्या दोऱ्यात घेतल्या आणि थांबल्या. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने अंगठा आणि तर्जनी आपोआप चालायला लागली: दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, दोऱ्याचा वळसा, ओढ. नाव विसरणारी बाई, पण बोटं एकही वळसा विसरली नव्हती. साडेचारपर्यंत फाती झाली आणि दुपारची झोप गेली ती गेलीच. जायांचा हंगाम नसतो तेव्हा अबोली, नाहीतर तांदूळ निवडणं. फारच थकवा असेल तर तीनच्या आत, अर्ध्या तासाची डुलकी.

सकाळचा उजेड विसरू नका. साडेसात ते सव्वाआठ त्या तुळशीवृंदावनापाशी खुर्ची टाकून बसतात. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, आणि जुन्या घरांच्या खोल्या किती काळोख्या असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मोतीबिंदू असेल तर तपासून घ्या. चहा-कॉफी दुपारी दोनपर्यंतच. झोप यावी म्हणून फेणीचा घोट देऊ नका: डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते. न्हाणीच्या वाटेवर जमिनीलगत पिवळा बारीक दिवा लावा आणि उंबरठ्यावर पांढरी पट्टी चिकटवा.

आता माझी चूक. सुरुवातीला एका दुकानदाराने सर्दीच्या गोळ्या दिल्या, "झोपही येईल" म्हणाला. मी दिल्या. तिसऱ्या दिवशी आईंनी बाबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, ताट वाढलं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन यांसारखी औषधं मेंदूतलं आठवणीला लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन अडवतात, आणि म्हातारपणी त्याचा फटका जास्त बसतो. गोळ्या बंद केल्यावर चार दिवसांत त्या सावरल्या. झोपेच्या गोळ्यांनीही पडणं आणि गोंधळ वाढतो. पण अल्प्राझोलामसारखी गोळी बरेच दिवस चालू असेल तर एकदम थांबवू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

काही गोष्टी घरगुती उपायांच्या पलीकडच्या. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकून उठणं, सकाळी डोकं दुखणं: मोबाईलवर रेकॉर्ड करून दाखवा, हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, आणि त्यात मेंदूला रात्रभर पुन्हा पुन्हा प्राणवायू कमी पडतो. माझ्या काकांना 71व्या वर्षी त्यासाठी रात्री लावायचं श्वासाचं मशीन लागलं आणि ते पुन्हा पेपर वाचू लागले. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, स्वप्नातल्यासारखं मारामारी करणं हे पार्किन्सनसारख्या आजाराची आधीची खूण असू शकतं. पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर रक्तातलं लोह तपासायला सांगा. आणि एक-दोन दिवसांतच अचानक भ्रम झाला, माणूस ओळखेनासा झाला, तर वाट बघू नका, 108 लावा. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा घटलेलं सोडियमही असं करतं. तपासणीसाठी आम्ही बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, गेलो: थायरॉईड, बी12, कानांची चाचणी, मग आठवणीची.

आईंचं विसरणं पूर्ण गेलं नाही. सौम्य आहे, वर्षातून दोनदा दाखवायचं, असं सांगितलंय. अजून एकदा तरी रात्री उठतात. तेव्हा मी वाद घालत नाही. कोमट पाणी देते, पाच मिनिटं बसते. संध्याकाळी काळोख पडायच्या आधीच सगळे दिवे लावते, कारण कातरवेळी त्या कावऱ्याबावऱ्या होतात.

आणि माझीही झोप. ब्रिटनमध्ये सुमारे 8,000 लोकांवर 25 वर्षं लक्ष ठेवलं, 2021 साली ते प्रसिद्ध झालं: पन्नाशी ते सत्तरीत सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा 30 टक्के जास्त दिसला. झोपेनेच तो येतो असं त्यातून सिद्ध होत नाही, पण मी 52 वर्षांची आहे. म्हणून शनिवार-रविवारच्या रात्री आता दिराच्या. त्या दोन रात्री तो आईंच्या खोलीबाहेर खाट टाकतो आणि मी माडीवर दार लावून झोपते.