शाळेतला क्लब वर्षभर चालता ठेवायचा तर

शाळेतला क्लब थंडावतो तो दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या आठवड्यांत. नावं नोंदवायला झुंबड उडते, पहिल्या बैठकीला वर्ग भरतो, आणि मग करायला काहीच नसल्यामुळे मुलं एकेक करून यायची थांबतात. म्हणून वर्षाची आखणी करताना आधी साध्या बैठकांचा विचार करावा, मोठ्या कार्यक्रमांचा नंतर.

शाळेचं वार्षिक वेळापत्रक समोर घ्या. परीक्षांचे आठवडे, त्यांच्या आधीचे दोन-दोन आठवडे, सुट्ट्या आणि शाळेचे इतर कार्यक्रम खोडून टाका. उरलेल्या आठवड्यांत एकाआड एक बैठक धरली, तर वर्षाकाठी साधारण 10 ते 12 बैठका बसतात. त्यांच्या जोडीला दोन कार्यक्रम पुरेत, तिसऱ्याचा मोह टाळावा. वार आणि तास वर्षभर एकच ठेवा. एखादी बैठक सुट्टीत गेली तर ती दुसऱ्या दिवशी घेऊ नका, सरळ सोडून द्या. वार एकदा हलला की ‘आज आहे की उद्या?’ हे विचारण्यातच निम्मी मुलं गळतात.

अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं पहिल्याच दिवशी वाटण्याची घाई होते. तेव्हा निवड होते ती ओळखीच्या किंवा मोठ्या आवाजाच्या मुलांची. दोन-तीन बैठका होऊ द्या. वेळेवर कोण येतं, खुर्च्या कोण आवरतं, गप्प बसलेल्याला कोण बोलतं करतं, हे तोवर दिसलेलं असतं. सचिव आणि खजिनदार यांना वरच्या वर्गातला एक आणि खालच्या वर्गातला एक अशी जोडी द्या. पुढच्या वर्षीची सोय तिथेच होते.

बैठक 40 मिनिटांची असेल तर हजेरी आणि सूचनांना 5, प्रत्यक्ष कामाला 25 आणि पुढच्या वेळची कामं नावानिशी वाटायला 10 मिनिटं. बिघडतं ते सूचनांपाशी. त्या वाढत जाऊन अर्धा तास खातात. सूचना फळ्यावर लिहून ठेवा, मुलं आत येतानाच वाचतील.

कामाची 25 मिनिटं सगळ्यांची असली पाहिजेत. वक्तृत्वाच्या क्लबात 20 मुलं आहेत आणि प्रत्येकाने पुढे येऊन दोन मिनिटं बोलायचं ठरवलं, तर येण्याजाण्यासकट एकाला तीन मिनिटं लागतात आणि जेमतेम आठ जणांचा नंबर लागतो. उरलेले बारा नुसते बसून राहतात, आणि पुढच्या वेळी गैरहजर असतात ते हेच. त्याऐवजी पाच-पाचांचे चार गट करा. चिठ्ठी काढून विषय द्या, तयारीला 5 मिनिटं द्या, आणि चारही गटांत एकाच वेळी बोलणं सुरू करा. 20 मिनिटांत सगळे बोलून होतात. वर्गात गलका होतो, तो होऊ द्यावा. लाजरी मुलं अशा गलक्यातच पहिल्यांदा तोंड उघडतात.

कार्यक्रमासाठी आपण प्रश्नमंजूषा धरू, कारण तिला खर्च कमी लागतो आणि वाद मात्र सगळ्यात जास्त होतात. सहा आठवडे आधी लेखी परवानगी, सभागृह आणि तारीख पक्की करा. चार आठवडे आधी नियम छापून वर्गावर्गात लावा. एक आठवडा आधी लेखी चाळणी फेरी घ्या: 20 प्रश्न, 20 मिनिटं, दोघांचा एक संघ. त्यातल्या पाच प्रश्नांवर तारांकन करून ठेवा. समान गुण झाले तर तारांकित प्रश्नांचे गुण पाहून सहा संघ निवडायचे, हे चाळणीआधीच जाहीर करा.

मंचावरच्या चार फेऱ्यांत प्रत्येक संघाला एक थेट प्रश्न धरला तर 24 प्रश्न होतात. राखीव 10, प्रेक्षकांसाठी 6 आणि बरोबरी सोडवायला 5 मिळून 45 प्रश्न तयार हवेत. थेट उत्तराला 30 सेकंद आणि उत्तर न आल्यामुळे पुढच्या संघाकडे सरकलेल्या प्रश्नाला 10 सेकंद दिले, तर एक प्रश्न दीड मिनिटापर्यंत जातो. म्हणजे 24 प्रश्नांना 36 मिनिटं, आणि प्रास्ताविक, प्रेक्षकांचे प्रश्न व निकाल धरून एक तास.

प्रश्न नेहमी एकाच दिशेने पुढे सरकवला, तर कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्या संघाला फुकटच्या संधी मिळत राहतात. यावर उपाय असा, की एका फेरीत प्रश्न डावीकडून उजवीकडे सरकवावा आणि पुढच्या फेरीत उलट. बसण्याच्या जागाही चिठ्ठी टाकूनच ठरवाव्यात.

प्रत्येक उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणी पडताळा आणि चालतील ती पर्यायी उत्तरंही शेजारी लिहून ठेवा. ‘सर्वांत मोठं’, ‘पहिलं’, ‘सर्वांत लांब’ असे शब्द आले की थांबा. ‘जगातलं सर्वांत मोठं वाळवंट कोणतं?’ या प्रश्नाचं सहारा हे उत्तर उष्ण वाळवंटांपुरतंच खरं आहे. शीत वाळवंटंही मोजली तर अंटार्क्टिका मोठं ठरतं. अशा एका प्रश्नावरून भर कार्यक्रमात दहा मिनिटं जातात आणि संघांचा विश्वासही उडतो. गुणलेखक दोन ठेवा, दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर गुण मांडावेत आणि प्रत्येक फेरीनंतर जुळवून जाहीर करावेत. ज्या शिक्षकांनी एखाद्या संघाची तयारी करून घेतली, त्यांनी त्या दिवशी प्रश्न विचारू नयेत.

आता सभागृहाकडे वळू. ध्वनिक्षेपक किंचाळतो, कारण स्पीकरमधून आलेला आवाज माइक पुन्हा उचलतो, तो वाढून स्पीकरमधून परत येतो आणि हे चक्र सुरू राहतं. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. बोलणाऱ्याने माइकपासून चार बोटं अंतर राखावं आणि त्याची जाळी मुठीत धरू नये. एवढ्याने भागलं नाही तर माइकचा आवाज थोडा कमी करा. बिनतारी माइकमध्ये त्या दिवशी सकाळी नवे सेल घाला आणि एक तारेचा माइक जोडून तयार ठेवा.

पडद्यावर दाखवायची स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की देवनागरी अक्षरं फुटण्याची शक्यता असते, कारण तो फाँट तिथे नसतो. फाइल पीडीएफ करून न्या. लॅपटॉप चार्जरला जोडलेला ठेवा, स्लीप सेटिंग आणि सूचनांचे आवाज बंद करा. वायर चालण्याच्या वाटेवरून गेली असेल तर तिच्या पूर्ण लांबीवर चिकटपट्टी मारा. खुर्च्या वाढवण्याच्या नादात दारं अडवू नका. रंगीत तालीम आदल्या दिवशी, त्याच सभागृहात, त्याच यंत्रणेवर घ्या. वर्गात केलेल्या तालमीत यातलं काहीच कळत नाही.

ज्यांना मंचावर यायचं नाही, त्यांना मनापासून खरी कामं द्या. वेळ पाहायला एक, गुणांना दोन, ध्वनी आणि पडद्याला दोन, संघांना आत-बाहेर न्यायला दोन, दारापाशी दोन आणि कोणी आजारी पडलं तर एक राखीव. प्रत्येकाच्या हातात त्याचं काम आणि वेळ लिहिलेला कागद हवा. ‘सगळ्यांनी मिळून करा’ म्हटलेलं काम शेवटी दोघांच्याच अंगावर पडतं.

पैशांचं थोडक्यात सांगायचं तर, अंदाजित खर्चाचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, रोख रक्कम दोघांनी मोजून दोघांनी सही करा, पावती नसेल तर पैसे देऊ नका. प्रवेशशुल्क किंवा सहलीचा खर्च असेल, तर ज्याला परवडत नाही त्याने प्रभारी शिक्षकांना एकट्याने भेटून सांगण्याची सोय असावी. अशा मुलांची यादी वर्गात वाचली जाऊ नये. छायाचित्रं शाळेबाहेर कुठे टाकायची असतील तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. ती नसलेल्या मुलांची नावं फोटो काढणाऱ्याला आधीच द्या.

कार्यक्रमानंतर तीन दिवसांच्या आत अर्ध्या तासाची बैठक घ्या, म्हणजे सगळं ताजं असतं. काय उशिरा झालं, काय कमी पडलं, काय उरलं, एवढंच वहीत लिहा. वार्षिक परीक्षेच्या महिनाभर आधी नवे पदाधिकारी निवडा आणि उरलेल्या बैठका त्यांना चालवू द्या, जुने शेजारी बसतील. त्यांच्याकडे सोपवायचं ते असं: हजेरीची वही, हिशेबाची वही आणि पावत्या, परवानगीच्या अर्जाचा नमुना, वापरलेले व न वापरलेले प्रश्न वेगवेगळ्या पाकिटांत, आणि कपाटाची किल्ली.