शाबू-शाबू: मांस शिजवायचं नाही, खळबळायचं

जपानमध्ये शाबू-शाबू, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या पातेल्यात मांसाचे पातळ काप बुडवून खायचा पदार्थ, खायला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यातून काढा: हा रस्सा नाही. ओसाकात पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मांसाची अख्खी ताटली पातेल्यात ओतली. दोन मिनिटांत त्या पातळ कापांच्या करड्या चिंध्या झाल्या. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी न बोलता स्वतःच्या काड्यांत एक काप धरला आणि कसं करायचं ते दाखवलं.

बसल्यावर मिळणाऱ्या ओल्या रुमालानं हात पुसा, तोंड नको. मेनूवर 'ताबेहोदाई' दिसलं, तर त्याचा अर्थ ठरलेल्या पैशांत हवं तेवढं. पण घड्याळ लावलेलं असतं, बहुतेक ठिकाणी साधारण ९० मिनिटांचं. शेवटची ऑर्डर त्याआधीच घेतात.

मग पातेल्यातलं पाणी निवडायचं. साध्या पाण्यात कोम्बू, म्हणजे समुद्री शेवाळाची पट्टी असते. शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या, कारण इतर अनेक रश्श्यांत आणि पोन्झू या बुडवायच्या सॉसमध्येही सुकवलेल्या मासळीचा अर्क असतो.

पाण्याला उकळी फुटली की गाजर, शिताके मशरूम, चिनी कोबीचे जाड देठ आधी टाका, पाला मागाहून. कच्च्या मांसाला वेगळ्या काड्या, त्या तोंडात घालायच्या नाहीत. आता एकच काप उचला आणि आपण कपडा पाण्यात खळबळतो तसा इकडून तिकडे फिरवा. या खळबळण्याच्या आवाजावरूनच 'शाबू-शाबू' हे नाव पडलं. ओसाकाच्या सुएहिरो रेस्टॉरंटनं ते १९५२ साली दिलं. बीफ लाली जाऊन जेमतेम फिकं झालं की बाहेर काढा, तेवढ्याला दहा-पंधरा सेकंद पुरतात. डुकराचं मांस मात्र गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत ठेवा, तिथे घाई नको.

बुडवायला दोन वाट्या: लिंबाच्या जातीच्या फळांचा आंबट पोन्झू आणि तिळाची दाट गोमादारे. मांसाला मी तीळ लावतो, भाजीला पोन्झू. मधूनमधून वर येणारा करडा फेस जाळीच्या झाऱ्यानं काढत राहा, नाहीतर पाणी गढूळ होतं.

ते पाणी टाकायचं नाहीच मुळी. शेवटी त्यात उदोन शेवया, किंवा भात आणि फेटलेलं अंडं. हा भात आपल्या पेजेसारखा मऊ होतो, त्यामुळे पोटात थोडी जागा राखून ठेवा.

बिल बहुधा दाराजवळच्या गल्ल्यावर भरायचं. टेबलावर टिप ठेवलीत, तर पैसे विसरलात म्हणून कुणीतरी तुमच्यामागे रस्त्यापर्यंत धावत येईल.