स्लीपनंतर गायब होणारं वायफाय: माझा अनुभव
कोथरूडच्या घरी लिनक्स लॅपटॉप स्लीपमधून उठला की वायफाय गायब. वर्षभर वायफाय चिप चालवणारा ड्रायव्हर काढून पुन्हा चढवणारी स्क्रिप्ट वापरली. माझं भागत होतं, पण तीच चिप असलेल्या बाकीच्यांचं काय? जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) हा त्रास नव्हता, म्हणून गिट बायसेक्टला बसलो, म्हणजे कोणत्या कमिटने (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाने) बिघाड आणला ते शोधायला. दर फेरीला शोध निम्म्यावर येतो. हजार कमिटना साधारण 10 फेऱ्या. कर्नल कंपाइल करा, लॅपटॉप झोपवा, उठवा. पहाटे 3 वाजता कमिट सापडलं! स्लीपमध्ये चिपची वीज गेली की तिच्या रजिस्टरमधली (आतल्या छोट्या स्मृतीतली) मूल्यं पुसली जातात, आणि रिझ्यूममध्ये, म्हणजे लॅपटॉप उठताना, ती परत लिहिणारी ओळच तिथे उडाली होती. ओळ घातली, 50 वेळा झोपवून पाहिलं. मग चूक कोणत्या कमिटची ते सांगणारा ‘फिक्सेस’ टॅग लावून पॅच (दुरुस्तीचा कोड) तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मेंटेनरकडे पाठवला आणि स्क्रिप्ट पुसून टाकली.